तिकडचं बोलणं इकडे

आमच्या घरी कोणी नवं माणूस आलं की आत्या आधी त्याच्या चपलांकडे बघायची. चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून काढणारा माणूस मनात काहीतरी ठेवून आलेला असतो, असं तिचं पक्कं मत होतं. ती अप्पांची थोरली बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन भावाकडे आली आणि कल्याणच्या आमच्या घराची राखण आपल्यावरच सोपवलेली आहे अशा समजुतीनं शेवटपर्यंत राहिली. दूधवाल्यानं पाणी घातलेलं असणार, पोस्टमननं पत्र आधी वाचलेलं असणार, आणि शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला येतात त्या साखरेसाठी नव्हे तर आमच्याकडे आज काय शिजलंय ते बघायला येतात, हे ती रोज नव्यानं शोधून काढायची. आई गालातल्या गालात हसून कामाला लागायची. मला मात्र आत्याचं सगळं खरं वाटायचं. मी तेव्हा आठ वर्षांची होते, आणि कोणाचं तरी काहीतरी उघडकीला येणार आहे या कल्पनेत मोठी गंमत होती.

आमचं घर तळ्यापासून पाच मिनिटांवर, कौलारू, पुढे ओटा आणि मागे विहीर असलेलं. मागच्या दोन खोल्या रिकाम्या असायच्या. फाळणीनंतर कल्याणच्या पलीकडे लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली माणसं उतरवली होती. त्या जागेला सगळे नुसतं 'कँप' म्हणायचे. रिकाम्या खोल्या सरकार ताब्यात घेऊन निर्वासितांना देणार अशी बोलवा उठली, तेव्हा अप्पांनी विचार केला की कोणीतरी येणारच असेल तर निदान आपण निवडलेलं माणूस यावं. अप्पा ठाण्याला कोर्टात कारकून होते. तिथल्याच एका ओळखीच्या गृहस्थांनी परसराम नावाच्या सरकारी नोकराचं नाव सुचवलं. नवरा, बायको आणि माझ्याच वयाची एक मुलगी. परसरामकाका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या पायात बूट होते, आणि ते त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढले. आत्या त्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिली. भिंतीकडे तोंड म्हणजे काय, हे तिला ठरवता येईना, आणि माझी खात्री आहे की संशय तिथूनच सुरू झाला.

ती माणसं राहायला आली आणि घरातले आवाज बदलले. आधी मागच्या बाजूला दुपारी फक्त रहाटाची करकर असायची. आता तिथून एका बाईचा भरभर, थोडा रडवेला वाटणारा आवाज येऊ लागला. ती बोलत असायची तेव्हा ती भांडतेय, तक्रार करतेय की गोष्ट सांगतेय, काही कळायचं नाही. तिचं नाव देवी. मुलीचं नाव रुक्मिणी, पण तिला रुक्की म्हणायचे. देवीकाकी सकाळी तव्यावर कांदा घातलेली जाड पोळी भाजायच्या. तिला त्या कोकी म्हणत. त्या तुपाचा आणि कांद्याचा वास आमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात शिरला की आत्या खिडकी लावून घ्यायची. आणि मी त्याच वेळी मागच्या दाराशी उभी असायची.

रुक्कीची भाषा मी कधी शिकले ते मला सांगता येणार नाही. आठवण काढायला बसले की एक दिवस असा आठवतो की मला काहीच कळत नाही, आम्ही दोघी विहिरीच्या कट्ट्यावर सागरगोटे खेळतोय आणि ती काहीतरी ओरडतेय. पुढचा दिवस आठवतो तो असा, की ती ओरडतेय, मीही ओरडतेय, आणि भांडण डाव कोणाचा यावर आहे, भाषेवर नाही. या दोन दिवसांच्या मध्ये दोन-तीन महिने असतील. त्यात कोणी मला एक शब्दही शिकवला नाही. देवीकाकी 'मानी खाधी?' म्हणायच्या आणि हातात कोकी ठेवायच्या. जेवलीस का, असं त्या विचारताहेत हे मला कळायला मराठीतून जावं लागलं नाही. कोकी हातात आली, गरम लागली, आणि शब्द आत गेला. रुक्कीचंही तसंच. ती आमच्या आईच्या मागे मागे फिरायची आणि सहा महिन्यांत 'केळं', 'नळ', 'काळोख' असे शब्द असे म्हणायला लागली की डोळे मिटले तर ती आमच्याच आळीतली वाटावी.

अप्पांना हे फार लागलं. भाषा हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. इंग्रजी, गुजराती आणि थोडी कानडी त्यांनी पुस्तकातून, रात्र न म्हणता दिवस न म्हणता, मुळाक्षरांपासून शिकून घेतली होती. सिंधी आपल्याला दोन महिन्यांत येईल असा त्यांचा हिशेब होता. दुसरीकडे परसरामकाकांना नोकरीत कायम व्हायला मराठीची परीक्षा द्यायची होती. म्हणून दर रविवारी सकाळी दोघे ओट्यावर सतरंजी टाकून बसत. एक तास अप्पा परसरामकाकांना मराठी शिकवत, पुढचा तास परसरामकाका अप्पांना सिंधी. परसरामकाकांना 'ळ' यायचा नाही. 'मला कलले' म्हणायचे, आणि अप्पा 'कळले, कळले' असं जिभेचं टोक वर वळवून दाखवायचे. मग पाळी उलटायची. सिंधीत एक ब आहे, तो बाहेर सोडायचा नसतो, श्वास आत ओढून ओठांत दाबायचा असतो. अप्पा तो ओढता ओढता लाल व्हायचे. आम्ही दोघी अंगणातून धावत जाता जाता तो ब म्हणून दाखवायचो आणि परत फिरताना 'ळ' म्हणून दाखवायचो. परसरामकाका हसायचे. अप्पा हसायचे नाहीत.

एकदा त्यांनी मला समोर बसवलं. हातात वही, कानावर पेन्सिल. "सुमन, 'अच' म्हणजे काय?"

मी विचार केला. "देवीकाकी 'अच' म्हणाल्या की मी जाते."

अप्पांनी वहीत लिहिलं: अच – जाणे. पुढच्या रविवारी धडा संपल्यावर त्यांनी परसरामकाकांना मोठ्या ऐटीत "अच, अच" म्हणून निरोप दिला. 'अच' म्हणजे 'ये'. ते बिचारे ओट्याच्या पायऱ्या उतरलेले परत वर आले आणि सतरंजीवर बसले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चूक कळल्यावर अप्पा माझ्यावर रागावले नाहीत, ते त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते. कोर्टात साक्षीदाराकडे बघतात तशी. मुलीला येतंय, पण सांगत नाही. का सांगत नाही?

मला खरंच सांगता येत नव्हतं. मी पुढे तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, तेव्हा हे मला समजलं. मुलाला शब्द येतो तो वापरण्यासाठी, त्याचा अर्थ वेगळा काढून हातावर ठेवण्यासाठी नाही. मोठा माणूस प्रत्येक नवा शब्द आधी आपल्या भाषेच्या दारात उभा करतो, त्याला नाव-गाव विचारतो, आणि मगच आत घेतो. मूल दारच लावत नाही. माझा मुलगा बंगळूरला राहतो. तिथे माझी नात सहा महिन्यांत कन्नड बोलायला लागली, आणि सून दोन वर्षं झाली तरी भाजीवाल्याला बोटानं दाखवते. सगळे नातीचं कौतुक करतात. मी मात्र त्या पोरीकडे जराशी संशयानंच बघते. ही कोणाचं काय ऐकते आणि कुठे नेऊन ठेवते, असं माझ्या मनात येतं.

कारण मी तेच करत होते. आत्याला त्या माणसांचं बोलणं कळत नव्हतं आणि न कळणाऱ्या बोलण्यात आपल्याविषयी काहीतरी असणारच, याबद्दल तिला शंका नव्हती. त्यात परसरामकाका पत्रं लिहायचे ती उजवीकडून डावीकडे, उर्दूसारख्या अक्षरांत. "हिंदू म्हणवतात आणि लिहितात बघ कसं," आत्या आईला म्हणायची. "कोणाला लिहितात? तिकडे पाकिस्तानात यांचं कोण राहिलंय?" खरं तर सिंधी त्याच अक्षरांत लिहायची पद्धत होती, आणि पत्रं जायची अजमेरला, देवीकाकींच्या भावाला. अप्पांनी हे तिला दोनदा समजावलं. आत्यानं मान डोलावली आणि मला हाताशी धरलं. दुपारी मी मागून आले की ती मला माजघरात बोलवायची, गूळ-खोबरं द्यायची आणि हळूच विचारायची, "काय बोलत होती गं?"

मी सांगायची. डाळीत मीठ जास्त झालं. रुक्कीच्या डोक्यात उवा झाल्यात. कँपात कोणाला तरी ताप आलाय. आत्या ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आणि?" या 'आणि'चं मला भय वाटायला लागलं. तिला हवं ते माझ्याकडे नव्हतं. तिला वाटायचं मी लपवतेय. मला वाटायचं, कदाचित ते लोकच माझ्यासमोर मुद्दाम मिठाचं बोलतात आणि खरं नंतर बोलतात. मग मी खेळता खेळता कान द्यायला लागले. दाराआड जास्त वेळ उभी राहायला लागले. ज्या घरात मला रोज खायला मिळत होतं, त्या घरावर मी पाळत ठेवत होते, आणि त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

एका दुपारी देवीकाकी पापड लाटत बसल्या होत्या. परसरामकाका कसल्यातरी सुट्टीमुळे घरी होते. रुक्की झोपली होती आणि मी दाराशी तिची वाट बघत बसले होते. भावाचं पत्र आलं होतं. त्यात काहीतरी होतं, कारण लाटता लाटता देवीकाकींचा हात थांबला, आणि त्या रडत रडत म्हणाल्या, "मूंखे पंहिंजो घर खपे." परसरामकाका हळू आवाजात म्हणाले, थांब, होईल, थोडं थांब. देवीकाकींनी परत तेच वाक्य म्हटलं, आणखी मोठ्यानं. आत्या विहिरीवर होती. तिनं ते ऐकलं.

तिनं मला हाताला धरून माजघरात नेलं. या वेळी गूळ-खोबरं नव्हतं.

"घर खपे म्हणाली ना ती? मी या कानांनी ऐकलं. आमचं घर खपावं म्हणते मेली!"

"नाही आत्या, खपे म्हणजे तसं नाही. खपे म्हणजे पाहिजे."

"काय पाहिजे?"

"घर."

"कुठलं घर? नीट सांग. शब्द न् शब्द सांग."

मी नीट सांगितलं. शब्द न् शब्द सांगितलं. "आपलं घर पाहिजे, असं म्हणाल्या त्या."

आत्यानं 'आणि?' विचारलं नाही. मला वाटलं, अखेर मी तिला हवं ते आणून दिलं.

संध्याकाळी अप्पा ठाण्याहून आले तेव्हा त्यांनी हातपाय धुण्याआधी हे ऐकलं. दुसरं कोणी असतं तर हसण्यावारी नेलं असतं, पण अप्पा कोर्टातले. राहायला दिलेली जागा परत मिळवता मिळवता म्हातारी झालेली माणसं ते रोज बघायचे. आईनं एकदाच म्हटलं, "अहो, लहान पोर ती. तिला काय कळतंय?" अप्पा म्हणाले, "तिलाच तर कळतंय. आपल्याला कळत नाही." आणि त्यांनी मला परत समोर बसवून तेच विचारलं, तीनदा, वेगवेगळ्या तऱ्हेनं. मी तिन्ही वेळा तेच सांगितलं. त्यामुळे त्यांची खात्री पटली.

रविवारी सकाळी सतरंजी टाकली नाही. परसरामकाका नेहमीप्रमाणे पुस्तक घेऊन आले. मागे देवीकाकी रुक्कीचा हात धरून उभ्या राहिल्या, कारण अप्पांनी सगळ्यांनाच बोलावलं होतं. अप्पा म्हणाले, "परसरामजी, खोल्या आम्हाला लागणार आहेत. महिनाभरात दुसरीकडे सोय बघा."

परसरामकाकांना आधी वाटलं आपल्याला मराठी नीट समजलं नाही. त्यांनी पुस्तकातल्या मराठीत, एकेक शब्द ठेवत विचारलं, "माझ्याकडून कोणता अपराध घडला आहे काय?"

"अपराध नाही. आमची अडचण आहे."

आतून आत्याचा आवाज आला. ती पुरुषांसमोर ओट्यावर यायची नाही, पण दाराआडून ती तोफ डागायची. "स्पष्ट सांग ना! घर बळकावायला बसलेत म्हणावं! ऐकलंय आम्ही सगळं!"

ती इतक्या भरभर बोलली की परसरामकाकांना एकच शब्द पकडता आला. "घर? कोणाचे घर?"

अप्पांनी मला बोलावलं. "सुमन, परवा मागच्या दारी काय ऐकलंस ते यांच्यासमोर सांग. खोटं बोलू नकोस."

मी सांगितलं. मराठीत नाही, जसं ऐकलं होतं तसं. मुलं नुसते शब्द उचलत नाहीत. माझ्या तोंडून देवीकाकींचं वाक्य त्यांच्याच आवाजात बाहेर पडलं. मध्ये भरून आलेला गळा, 'घर'वर तुटलेला सूर, शेवटी नाक ओढणं, सगळं. माझं बोलून झालं. देवीकाकींनी पदर तोंडाशी नेला. माझ्याकडे त्या अशा बघत होत्या, जसं त्यांच्या पेटीतलं काहीतरी मी अंगावर घालून आले होते.

परसरामकाकांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग ते हळूहळू खाली बसले आणि शिकवायला लागावं तसे बोलू लागले. "मुंहिंजो म्हणजे माझे. तुंहिंजो म्हणजे तुझे. पंहिंजो म्हणजे..." त्यांना शब्द सापडेना. त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं. "ज्याचे त्याचे. ज्याचे त्याचे स्वतःचे. तिचे घर होते तिकडे. आता नाही. तिला तिचे घर पाहिजे. तुमचे नाही."

अप्पा माझ्याकडे वळले. "मग तू 'आपलं घर' का म्हणालीस?"

"आपलंच ना!" मी रडकुंडीला आले होते. "म्हणजे त्यांचं आपलं!"

अप्पांचा चेहरा उतरला तो मी पाहिला. मराठीत 'आपलं' म्हणजे ज्याचं त्याचंही होतं आणि आपल्या सगळ्यांचं, आमचंही होतं. माझं भाषांतर बरोबर होतं. याहून बरोबर त्यांना स्वतःलाही करता आलं नसतं. मला एकच गोष्ट ठाऊक नव्हती, की माझा शब्द ऐकणारं माणूस त्यातला कुठला अर्थ उचलायला टपलेलं आहे. ते कळायला मोठं व्हावं लागतं.

"चूक माझी झाली, परसरामजी," अप्पा म्हणाले. "तुम्ही राहा. मी बोललो ते विसरा."

पण परसरामकाका त्यांच्याकडे बघत नव्हते. देवीकाकी खालच्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. ओट्यावर आमच्या बाजूला ते फक्त मला समजलं. त्या म्हणाल्या, ही मुलगी आपलं बोलणं उचलून नेते.

त्यानंतर ती माणसं पाच आठवडे राहिली. मी मागच्या दाराशी गेले की आतलं बोलणं थांबायचं. पूर्वी ते माझ्यासमोर बोलायचे कारण मी त्यांच्यातलीच झाले होते, आता गप्प बसायचे तेही त्याच कारणानं. देवीकाकींनी मला एकही कडू शब्द ऐकवला नाही, फक्त 'मानी खाधी?' विचारणं सोडलं. रुक्की खिडकीतून बघायची आणि आतून हाक आली की नाहीशी व्हायची. आमच्याकडे अजून आत्याचं सुरूच होतं. "शब्दांचे खेळ आहेत सगळे," ती म्हणायची. "पकडले गेले म्हणून फिरवलं." मग एका सकाळी टांग्यावर पेट्या चढल्या आणि ती माणसं कँपात, एका नातेवाइकाच्या बराकीत राहायला गेली. अप्पांनी थांबवायचा प्रयत्न केला. परसरामकाकांनी हात जोडले आणि अगदी शुद्ध मराठीत सांगितलं की त्यांचा काही राग नाही.

त्यांच्या मागोमाग भाषाही गेली. जशी आली तशीच, मला न कळता. पुढच्या दिवाळीत शेजारच्या मुलींनी मला सिंधी बोलून दाखवायला सांगितलं, तर तोंडात आठ-दहा शब्द, आणि त्यांना जोडणारं काही नाही. आणखी वर्षानं तेही विरले. ज्यांना ती मरमर करून शिकावी लागली त्या अप्पांची मात्र गेली नाही. ते महिन्यातून एका रविवारी वही घेऊन कँपात जायला लागले, परसरामकाकांची परीक्षा व्हायची होती म्हणून. ते दुसऱ्या खेपेला पास झाले, तरी अप्पा जात राहिले. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांचा तो आत ओढायचा ब शेवटपर्यंत बाहेरच सांडत राहिला, पण सत्तरीत ते सिंधी वर्तमानपत्र बोट ठेवून वाचायचे. मला त्यांनी पुन्हा कधीही कोणत्याही शब्दाचा अर्थ विचारला नाही.

मी ठाण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा नऊ-दहा वर्षं उलटली होती. पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओळखायला वेळ लागला नाही. रुक्कीचं मराठी माझ्यापेक्षा चोख झालं होतं. आम्ही दोघी जरा वेळ उगाच हसलो. मग तिनं विचारलं, "सिंधी येतं का गं अजून?"

"नाही. सगळं विसरले."

"खरंच?"

"खरंच."

ती बाजूच्या मैत्रिणीकडे वळून सिंधीत काहीतरी म्हणाली, आणि म्हणताना डोळा माझ्या चेहऱ्यावर. मी नुसती उभी. मग तिचे खांदे सैल पडले. "मी म्हणाले, हिच्या वेणीवर पाल बसलीय," ती म्हणाली. "आता बोलायला हरकत नाही."

डबा खाताना ती बोलली. "तुला काय वाटतं, तू एकटीच होतीस? आई मला रोज विचारायची. ती म्हातारी बाई विहिरीवर काय बोलते? आपल्याविषयी काय म्हणते?"

आत्या विहिरीवर काय बोलायची ते मला चांगलं आठवत होतं. "मग तू काय सांगायचीस?"

"सांगायचे, ती म्हणते तुझ्या हाताला चव आहे. ती म्हणते, बिचारी घरदार सोडून आली, किती सोसलं असेल." रुक्की भाजीत बोट फिरवत राहिली. "आई तिकडून आल्यापासून रडायची. तेवढं ऐकलं की एक दिवस बरा जायचा. मग रोज काहीतरी नवीन लागायचं. मी बनवत गेले."

"आणि त्या रविवारी? आत्या आतून ओरडली तेव्हा?"

"तेव्हाही आईनं विचारलं. मी सांगितलं, ती म्हणतेय यांना घालवू नका." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईला अजून वाटतं, तुझे वडील आणि तू आम्हाला घालवत होतात आणि तुझी आत्या एकटी आमच्यासाठी भांडत होती. चल ना एकदा घरी. आई विचारते तुझ्या आत्याबद्दल."

मी गेले. त्यांनी आंबिवलीला दोन खोल्या बांधल्या होत्या. देवीकाकींचे केस पांढरे झाले होते, मराठी अजून मोडकंतोडकं होतं. त्यांनी मला खाटेवर बसवलं, आणि त्यांच्याकडे पाहुण्याला देतात तसं आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे ठेवला. जुनं कोणी काढलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुझी आत्या कशी आहे?"

"दोन वर्षांपूर्वी गेली, काकी."

त्यांनी डोळे मिटले. "चांगली बाई. माझ्यासाठी खूप बोलली ती." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "माझी आठवण काढायची कधी?"

रुक्की चुलीपाशी होती. तिचा चिमटा तव्यावरच थांबला. आत्या आठवण काढायची हे खरंच होतं. मागच्या दाराचं कुलूप ओढून बघताना ती शेवटपर्यंत त्यांचं नाव घ्यायची, आणि घर कसं थोडक्यात वाचलं ते सांगायची.

"हो," मी म्हटलं, "नेहमी काढायची. म्हणायची, तिच्या हाताला चव होती."

देवीकाकींनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. या बाईंनी एकदा माझ्या तोंडून स्वतःचं रडणं ऐकलं होतं, माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना काहीच कारण नव्हतं. मग त्यांनी पापडाची बशी माझ्याकडे सरकवली, आणि रुक्कीकडे वळून सिंधीत काहीतरी बोलल्या. रुक्कीनं मान खाली घातली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही," रुक्की म्हणाली. "खा म्हणते."

वाक्य त्याहून बरंच लांब होतं.